जुनी सैनिकी ली-एनफिल्ड नं. ४ रायफल प्रत्यक्ष बघून घेताना काय तपासावं?

दुसऱ्या महायुद्धातली ली-एनफिल्ड नं. ४ तुम्हाला विकत घ्यायची आहे, विक्रेता ती हातात घेऊन बघू देणार आहे, आणि अशी रायफल तुम्ही पहिल्यांदाच बघताय, असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. परवाना आणि हस्तांतराची कागदपत्रं तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे झाली आहेत असं धरून लिहितो. झाली नसतील तर आधी ते काम.

लाकडाला भुलू नका, हा माझा पहिला आणि सगळ्यात मोठा आग्रह. दस्ता घासून, तेल पाजून चकचकीत करणं दोन दिवसांचं काम आहे. झिजलेली नळी मात्र झिजलेलीच राहते. खरचटलेल्या, काळवंडलेल्या लाकडातली धारदार आट्यांची (नळीच्या आतल्या पिळदार खाचांची) नळी मी कधीही आधी उचलेन. शिवाय घासलेल्या लाकडावरचे जुने शिक्के गेलेले असतात, आणि संग्रहाच्या दृष्टीने ते नुकसान कायमचं.

हातात घेतल्याबरोबर मॅगझिन काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) उघडा आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून बघा. ‘रिकामी आहे’ असं विक्रेत्याने सांगितलं असलं तरी. मग त्याला विचारून बोल्ट बाहेर काढा. नं. ४ च्या दोन आवृत्त्या भेटतात. मार्क १ मध्ये त्यासाठी एक छोटी कळ दाबावी लागते. मार्क १* मध्ये कळ नाही, बोल्टहेड (बोल्टचा पुढचा, सुटा तुकडा) ज्या रुळावरून सरकतं त्या रुळालाच पुढे एक खाच कापलेली असते. या खाचेची कड नीट निरखा. ती तुटली असेल तर बोल्ट ओढताना बोल्टहेड रुळावरून उसळतं, आणि ही दुरुस्ती सोपी नाही.

आता नंबर. एक बोल्टच्या दांड्यावर असतो, दुसरा दस्त्याच्या सांध्याजवळ डाव्या बाजूला. दोन्ही जुळले पाहिजेत, कारण बोल्टचे लग (त्याला जागी अडकवणारे उंचवटे) त्या-त्या रायफलला नीट टेकतील असे बसवलेले असतात. नंबर वेगळे असले म्हणून रायफल लगेच बाद होत नाही, पण हेडस्पेस (बंद बोल्टच्या पुढे काडतुसासाठी उरलेली जागा) मोजल्याशिवाय ती झाडायची नाही. या काडतुसाला मागे कडा असते आणि हेडस्पेस त्या कडेवर धरला जातो. ०.०६४ इंचाच्या गेजवर (ही जागा मोजायच्या ठरावीक मापाच्या तुकड्यावर) बोल्ट सहज बंद व्हायला हवा, ०.०७४ इंचाच्या गेजवर होता कामा नये. बोल्टहेड ०, १, २ आणि ३ अशा चार नंबरांत येतात, नंबर वाढेल तशी लांबी वाढते. तुमच्या समोरच्या रायफलीत ३ नंबर आधीच बसवलेला असेल आणि तरीही बोल्ट मोठ्या गेजवर बंद होत असेल, तर नुसतं बोल्टहेड बदलून भागणार नाही.

नळी बघण्याआधी तिच्यातून कोरडं फडकं फिरवायला सांगा. ग्रीसचा थर बरंच काही झाकतो. मग मागच्या बाजूने उजेडाकडे धरून बघा. पाचऐवजी दोनच आटे दिसले तर घाबरू नका. अमेरिकेत सॅव्हेजने आणि कॅनडात लाँग ब्रांचने युद्धकाळात दोन आट्यांच्या नळ्या बनवल्या, आणि त्या चांगलं काम करतात. नळी थोडी धुरकट असली तरीही चालेल. त्या काळच्या काडतुसांच्या प्रायमरमधून (बार पेटवणाऱ्या भागातून) क्षार मागे राहायचे, ते हवेतलं पाणी ओढायचे आणि नळी गंजायची. म्हणून तर सैनिक नळीत उकळतं पाणी ओतून ती धुवायचे, कारण क्षार पाण्याने जातात, तेलाने जात नाहीत. मात्र आत एखादं काळं, गोल कडं दिसलं आणि फडक्याने गेलं नाही, तर नळी तिथे फुगलेली असण्याची शक्यता मोठी. अशी रायफल परत ठेवा.

नळीच्या तोंडाची झीज बहुतेक नवे खरेदीदार बघतच नाहीत. साफसफाईची दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासली की तोंड किंचित लंबगोल होतं, आणि त्याचा परिणाम थेट नेमावर होतो. भिंग घेऊन जा आणि आट्यांच्या कडा चहूबाजूंनी सारख्या आहेत का बघा. पितळी पुंगळीत गोळी बसवलेलं डमी काडतूस टोकाकडून नळीच्या तोंडात धरून अंदाज येतो. गोळी थेट पुंगळीपर्यंत आत गेली तर झीज बरीच आहे. जिवंत काडतूस यासाठी वापरू नका.

लाकडात एकच जागा महत्त्वाची आहे: पुढच्या लाकडाचा मागचा भाग, ट्रिगरच्या वर. झाडल्यावरचा धक्का तिथेच बसतो, तडे तिथेच जातात. दस्ता धरून हलवा, तो डुगडुगायला नको. आणि नळीचं टोक बोटाने किंचित वर उचलून सोडा, ते लाकडावर पुन्हा टेकलं पाहिजे.

शिक्क्यांमध्ये ‘डीपी’ शोधा. हा शिक्का म्हणजे ही रायफल फक्त कवायतीसाठी उरली होती. ती भिंतीवर लावायची असेल तर घ्या, झाडायला नको. ‘एफटीआर’ दिसलं तर आनंदच, कारखान्यात ती पूर्ण उलगडून दुरुस्त झालेली आहे. दुर्बिणीची ‘टी’ (स्नायपरसाठीची आवृत्ती) म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर दस्त्याच्या मानेवर कोरलेला नंबर आणि दुर्बिणीचा नंबर पडताळा. नकली बऱ्याच फिरतात.

विक्रेत्याकडे गेज नसेल तर बंदूक कारागिराने तपासून दिल्यावरच सौदा पक्का, असं लिहून घ्या. तो बोल्टही काढू देत नसेल आणि नळीही बघू देत नसेल, तर निघून या. नं. ४ लाखोंनी बनली आहे, दुसरी मिळेल.