‘कोप अप’मधला आगंतुक ‘अप’ आणि आपला ‘उप’

मुलुंडच्या एका वाचकांनी विचारले आहे की, इंग्रजीत ‘कोप विथ’ बरोबर की ‘कोप अप विथ’, आणि मुलाच्या क्लासमध्ये दिलेली फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे क्रियापद आणि ‘अप’, ‘ऑफ’ यांसारखा छोटा शब्द अशा जोड्यांची, लांबलचक यादी घोकण्यावाचून काही मार्ग आहे का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कोप विथ’ एवढेच आहे. तरीही फास्ट लोकलच्या गर्दीत, कार्यालयातील बैठकीत आणि नोकरीच्या मुलाखतीत लोक कामाच्या ताणाशी, ट्रॅफिकशी आणि पावसाळ्याशी इतक्या ठामपणे ‘कोप अप’ करत असतात की ऐकणाऱ्यालाच ताण यावा. ‘कीप अप’, ‘कॅच अप’ आणि ‘पुट अप विथ’ यांच्या पंगतीत बसून ‘कोप’ने हा ‘अप’ उचलला असावा. वास्तविक ‘कोप’ हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून आले असून त्याच्या मुळाशी ‘प्रहार’ हा अर्थ आहे. सत्तापालटासाठी वापरला जाणारा ‘कू’ हा शब्द याच घराण्यातला, आणि मागे मागे जात राहिल्यास हे घराणे ठोसा या अर्थाच्या ‘कोलाफोस’ या ग्रीक शब्दापाशी पोहोचते. ‘कोप विथ’ म्हणजे मुळात एखाद्याशी दोन हात करणे. त्यात ‘अप’ घातला की दोन हात करण्याऐवजी दोन्ही हात वर केल्यासारखे होते. (संस्कृतातल्या रागावाचक ‘कोप’शी याचा काडीचाही संबंध नाही. तसे सांगणारे संदेश फिरण्याआधीच हे स्पष्ट केलेले बरे.)

आता या ‘अप’कडे वळतो. क्लासच्या नोट्समध्ये हमखास असे लिहिलेले असते की, क्रियापदामागच्या या छोट्या शब्दांना स्वतःचा अर्थ नसतो, म्हणून जोड्या तशाच पाठ कराव्यात. हा वाद नवा नाही. यास्काच्या निरुक्त या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन संस्कृत ग्रंथात शाकटायन हा वैयाकरण म्हणतो की, सुटे काढलेले उपसर्ग अर्थ सांगत नाहीत, तर गार्ग्य म्हणतो की, त्यांना नाना प्रकारचे अर्थ असतात. आपल्या क्लासवाल्यांनी न वाचताच शाकटायनाचा पक्ष घेतला आहे. मी गार्ग्याच्या बाजूचा आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत ‘कम ऑफ’, ‘गिव्ह ओव्हर’, ‘सेट इन’ अशा प्रयोगांमुळे परकीयांची सर्वाधिक अडचण होते असे नोंदवले आणि त्यांतल्या काहींना अतिशय अनियमित ठरवले. जॉन्सन १७८४मध्ये वारला आणि विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एकच असावे हे प्रसिद्ध विधान कलकत्त्यात केले ते १७८६मध्ये, त्यामुळे जॉन्सनला दोष देता येत नाही. आजच्या गाइडवाल्यांना ती सवलत नाही.

कारण हे छोटे शब्द आपल्या घरचेच आहेत. इंग्रजी ‘ऑफ’ हा संस्कृत ‘अप’चा भाऊबंद आहे, ‘आउट’ हा ‘उत्’चा, ‘ओव्हर’ हा ‘उपरि’चा, आणि ‘उपरि’पासूनच आपला मराठी ‘वर’ निघाला असल्याने ‘ओव्हर’ आणि ‘वर’ हे चुलतभाऊ ठरतात. इंग्रजी ‘अप’ मात्र संस्कृत ‘अप’चा नव्हे, तर ‘उप’चा सगोत्र आहे. उच्चार एकाशी जुळतो आणि नाते दुसऱ्याशी आहे, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत लोभस वळण वाटते. संस्कृतात ‘उप’ म्हणजे जवळ आणि इंग्रजीत ‘अप’ म्हणजे वर, मग हे नाते कसले, असा आक्षेप येईल. ‘टर्न अप’ आणि ‘शो अप’ पाहावेत. तिथे कोणी वर चढत नाही, समोर येऊन ठाकतो, आणि त्यालाच आपण ‘उपस्थित’ होणे म्हणतो. या ‘अप’मध्ये जुन्या ‘उप’चे सान्निध्य शिल्लक आहे असे माझे मत आहे. ‘अप’चा दुसरा ठळक अर्थ पूर्णतेचा. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ म्हणजे खाऊन टाकणे, पिऊन टाकणे, वापरून टाकणे; इंग्रज जे काम ‘अप’कडून करून घेतो ते आपण ‘टाकणे’कडून करून घेतो. ‘ऑफ’ आणि ‘अप’ या दोहोंत दूर नेण्याचा भाव असल्याने ‘कॅरी ऑफ’ला ‘अपहरण’ आहेच, आणि ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे हेही मग पाठ करावे लागत नाही.

उपसर्ग तर क्रियापदाच्या आधी येतो, हे शब्द नंतर येतात, ही शंकाही पाणिनीने निकालात काढलेली आहे. उपसर्ग धातूच्या आधी येतात असे सांगून लगेच तो ‘छन्दसि परेऽपि’, म्हणजे वेदात ते धातूच्या नंतरही येतात, आणि ‘व्यवहिताश्च’, म्हणजे मध्ये दुसरे शब्द घेऊनही येतात, अशी पुस्ती जोडतो. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्ताची सातवी ऋचा ‘उप’ने सुरू होते आणि त्याचे ‘एमसि’ (आम्ही येतो) हे क्रियापद पार शेवटी येते. ‘पुट इट ऑफ’मध्ये ‘इट’ मध्ये घुसतो तेव्हा तो नेमका ‘व्यवहिताश्च’च आहे, आणि इथे इंग्रजी पाणिनीहूनही कडक आहे: सर्वनाम असेल तर ते मधेच हवे. रिक्षातून फोनवर ‘पिक अप मी’ असे ओरडणाऱ्यांनी ‘पिक मी अप’ म्हणावे. ‘लुक आफ्टर हिम’मध्ये मात्र ‘आफ्टर’ हे शब्दयोगी अव्यय असल्याने ‘हिम’ त्याच्या मागेच बसते.

राहिला प्रश्न यादीचा. ती क्रियापदांनुसार न लावता अप, ऑफ, आउट, ओव्हर अशी छोट्या शब्दांनुसार लावून मुलाला द्यावी. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे यासारखी काही हट्टी उदाहरणे उरतील, ती खुशाल पाठ करावीत.

याच निमित्ताने ‘पास आउट’ची बाजू घेतो. मुंबईत प्रत्येक जण कॉलेजातून ‘पास आउट’ होतो आणि शुद्धतावादी त्याला हसतात, कारण इंग्लंड-अमेरिकेत त्याचा नेहमीचा अर्थ बेशुद्ध पडणे असा आहे. पण ‘उत्तीर्ण’ म्हणजे तरी काय? ‘उत्’ म्हणजे ‘आउट’ आणि ‘तीर्ण’ म्हणजे पार झालेला. ‘पास आउट’ हे ‘उत्तीर्ण’चे अक्षरशः इंग्रजी रूप आहे, आणि आपल्याकडे ते इतके सहज रुजले याचे कारण हेच, असे मी मानतो. परदेशी कंपनीच्या मुलाखतीत ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावे हे बरे. मात्र ‘म्हणजे तू बेशुद्ध पडलास का’ असे मुलाला विचारणाऱ्या शहाण्यांनी सैनिकी अकादमीतल्या ‘पासिंग आउट परेड’मध्ये नेमके कोण बेशुद्ध पडते, हेही सांगावे.