लोणारचा असुर, शुक्राचा धूमकेतू आणि एम.एस्सी.चा अर्ज

तुझ्या पत्राचा गोषवारा आधी, म्हणजे इतर वाचकांनाही धागा लागेल. तू मेहकरची, बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला. लोणारच्या लवणासुराची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. वेलिकोव्स्कींच्या मतांवरचे व्हिडिओ पाहिलेस आणि मनात बसलं की पुराणकथा म्हणजे उल्कापात, महापूर, धूमकेतू यांच्या जपलेल्या आठवणी आहेत आणि त्यांवरून प्राचीन सनावळ्या नव्याने मांडता येतील. यातच संशोधन करायचंय, पण एम.एस्सी. कशात करू, हा तुझा प्रश्न. यात पोट भरणार नाही असं बाबांचं म्हणणं. देवाधर्माला तारखा लावत बसू नकोस असं आजोबांचं.

या विषयाच्या नावाची एम.एस्सी. कुठेच मिळत नाही. तुला निवडायचंय ते कालमापनाचं एखादं तंत्र. पण त्याआधी या वादात भलेभले कुठे घसरतात ते बघून घे.

वेलिकोव्स्की पेशाने मनोविश्लेषक. 1950 मध्ये त्यांनी मांडलं की शुक्र गुरूमधून धूमकेतूसारखा बाहेर पडला, इ.स.पू. पंधराव्या शतकात पृथ्वीजवळून गेला आणि बायबलमधल्या इजिप्तवरच्या आपत्ती त्यातूनच ओढवल्या. मग हिब्रू आणि इजिप्शियन इतिहास एकमेकांशी जुळेनात, तेव्हा त्यांनी इजिप्तच्या कालक्रमातली पाच-सहा शतकं सरळ कापली. एका टोकाचा हिशेब बसवायला दुसऱ्या टोकाची शतकं उडवायची, ही या पंथाची जुनी खोड. बॅबिलोनचा राजा अम्मीसदुका याच्या काळातल्या शुक्राच्या उदयास्ताच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर उतरलेल्या आहेत. हाती आलेल्या प्रती बऱ्याच नंतरच्या, पण मूळ नोंदी वेलिकोव्स्कींच्या आपत्तीआधीच्या. त्यातला शुक्र आजच्यासारखाच 584 दिवसांच्या चक्रात उगवतो-मावळतो. इजिप्तचं म्हणशील, तर 2010 मध्ये दोनशेहून अधिक वनस्पतिजन्य नमुन्यांचं रेडिओकार्बन मापन (मेलेल्या सजीवातला कार्बन-14 किती घटला त्यावरून वय काढणं) प्रसिद्ध झालं आणि तिथल्या 'नव्या राज्या'ची सुरुवात इ.स.पू. 1570 ते 1544 च्या दरम्यान आली. पाच शतकं कापायला जागाच उरली नाही.

गंमत अशी की त्याच पाट्यांवरून अस्सल वादही चालत आला आहे. शुक्राच्या उदयास्ताचा क्रम 56 किंवा 64 वर्षांनी जवळपास तसाच परत येतो, म्हणून बॅबिलोनच्या पाडावाला इ.स.पू. 1651, 1595 आणि 1531 अशी तीन वर्षं सुचवली गेली. अनातोलियातल्या राजवाड्यांच्या तुळयांमधली वर्षवलयं आणि रेडिओकार्बन यांनी पारडं मधल्या पर्यायाकडे झुकवलं. फिजिक्सच्या विद्यार्थ्याला करण्यासारखं काम असल्या ठिकाणी असतं.

आता तुझं लोणार. कथेत असुर जमिनीखाली राहतो, दैत्यसूदन विष्णू पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवतो आणि त्याला मारतो. तुझ्या मते ही उल्कापाताची आठवण. ही कल्पना तपासायला एक साधी कसोटी लाव: नुसतं विवर आणि खारं पाणी पाहून सुचलं नसतं असं कथेत काही आहे का? झाकण, खड्डा, खारटपणा, सगळं काठावर उभं राहून दिसतं. आकाशातून काही कोसळल्याचा तर मागमूसही नाही. उलट सगळं जमिनीखालून वर येतं. त्यात विवराचं वय थर्मोल्युमिनेसन्सने (तापवल्यावर खनिजातून निघणारा उजेड मोजून) सुमारे 52 हजार वर्षं काढलं होतं, तर 2011 मध्ये खडकात साठलेला आर्गॉन वायू मोजून 5 लाख 70 हजार (अधिक-उणे 47 हजार) आलं. दहापट फरक! कुठला आकडा धरायचा हा वाद खराच आहे, पण आठवणीचा दावा दोन्हींत टिकवणं कठीण.

कसोटीला उतरलेलं उदाहरणही आहे. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या आदिवासींत रात्री जमीन हादरल्याच्या आणि समुद्राने गावं गिळल्याच्या कथा आहेत. वॉशिंग्टनच्या खाड्यांत खारं पाणी शिरून उभ्या उभ्या मेलेल्या देवदारसदृश झाडांचं शेवटचं वर्षवलय 1699 चं निघालं. जपानमधल्या जुन्या दप्तरांत भूकंपाशिवाय आलेल्या त्सुनामीची नोंद सापडली आणि उलटं गणित करून भूकंपाची तारीख ठरली: 26 जानेवारी 1700. कथा, झाडं, दप्तरं. तिन्ही साक्षी एकमेकींपासून स्वतंत्र होत्या म्हणून प्रकरण उभं राहिलं.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाणारं स्थळ म्हणजे मेरठ जिल्ह्यातलं हस्तिनापूर. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी 1950-52 मध्ये तिथे उत्खनन केलं, तेव्हा चित्रित करडी भांडी वापरणाऱ्या लोकांच्या वस्तीवर पुराचे पुरावे मिळाले. पुराणांत म्हटलंय की निचक्षू राजाच्या काळात गंगेने हस्तिनापूर वाहून नेलं आणि राजधानी कौशाम्बीला गेली. लाल यांनी दोन्ही जोडलं आणि पूर इ.स.पू. 800 च्या सुमाराचा धरला. पूर आला एवढं माती सांगते, त्या वेळी राजा कोण होता ते सांगत नाही. शिवाय इ.स.पू. 800 ते 400 या पट्ट्यात रेडिओकार्बनचा अंशांकन वक्र (मोजलेल्या कार्बन-14 वरून खरं वर्ष काढायचा आलेख) जवळपास सपाट आहे, म्हणजे नमुना निर्दोष असला तरी उत्तर शे-दोनशे, कधी चारशे वर्षांच्या पट्ट्यात पसरतं. कोळसा जुन्या झाडाच्या गाभ्याचा असेल तर तारीख आणखी मागे जाते, म्हणून जळलेलं धान्य मिळालं तर ते आधी पाठवतात. नमुना ॲल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवायचा, कापसात किंवा कागदात नाही, कारण परका कार्बन शिरतो. कार्बन-14 पूर्ण संपलेल्या नमुन्यात फक्त 1 टक्का आजचा कार्बन मिसळला तरी वय सुमारे 37 हजार वर्षं दिसतं.

मग त्या पुराची वाळूच मोजली तर? याच कारणाने तुला माझा कौल ल्युमिनेसन्स डेटिंगचा. क्वार्ट्‌झच्या कणावर शेवटचं ऊन पडून किती काळ लोटला हे त्यातून मोजतात. खणलेल्या भिंतीचा वरचा उन्हं लागलेला थर खरवडून स्टीलची नळी आडवी ठोकायची, भरली की दोन्ही टोकं बंद करायची, आणि पुढचं सगळं काम प्रयोगशाळेत मंद लाल उजेडात. चुका ठरलेल्या जागी होतात. गढूळ पुरात कणांवर पुरेसं ऊन पडत नाही, जुना संकेत शिल्लक राहतो आणि वय फुगतं; त्यासाठी एकेक कण सुटा मोजावा लागतो. मातीतला ओलावा कमी धरला तर वय कमी येतं. एवढं करून 5 ते 10 टक्क्यांची चूक राहतेच, म्हणजे 2800 वर्षांच्या पुराला दीडशे ते पावणेतीनशे वर्षं इकडेतिकडे.

तारांगण सॉफ्टवेअरवरून महाभारताची तारीख काढायची तुझी कल्पना मात्र तूर्त बाजूला ठेव. संपातबिंदू (दिवस-रात्र समान असताना सूर्य आकाशात असतो ती जागा) नक्षत्रांमधून एक अंश सरकायला सुमारे 72 वर्षं लागतात, म्हणजे एका नक्षत्राला 960. श्लोकातल्या नक्षत्राचा नेमका कुठला भाग धरायचा, यावरच शतकं हलतात. पृथ्वीचं फिरणं मंदावत आल्यामुळे इ.स.पू. 2000 च्या ग्रहणासाठी घड्याळाची दुरुस्ती अर्ध्या दिवसाहून मोठी करावी लागते, आणि तिथे तासाभराची चूक झाली तर ग्रहणाची छाया 15 रेखांश सरकते. त्याच ग्रंथावरून इ.स.पू. 5561 आणि 3067 अशी दोन्ही वर्षं निघाली आहेत, ती उगाच नाही. हे करायचंच असेल तर भांडारकर संस्थेची चिकित्सक (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली) आवृत्ती पुढ्यात घे आणि आपला श्लोक मुख्य संहितेत आहे की तळटिपेत, ते पहिल्यांदा तपास.

आता अर्जांचं. फिजिक्समध्येच एम.एस्सी. कर. बी.एस्सी.ला भूशास्त्र नसताना भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश बऱ्याच ठिकाणी अडतो. जिओफिजिक्सचं दार मात्र जॅम या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेतून उघडू शकतं, त्या वर्षीचं माहितीपत्रक पाहा. सुट्टीत एखाद्या उत्खननावर स्वयंसेवक म्हणून जा. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला पत्र लिहिताना 'मला सिद्ध करायचंय' हे शब्द टाळ, 'थरांचं रेखाटन शिकायचंय' असं लिही. पुढे पीएच.डी.साठी अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी आणि लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था डोळ्यांपुढे ठेव. दोन्हीकडे कालमापनाचं काम चालतं. त्यासाठी सीएसआयआर नेट किंवा गेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागेल. बुडालेल्या द्वारकेचं आकर्षण असेल तर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचं काम होतं, पण तिथे पोहता येणं ही किमान अट समज.

आजोबांना सांग की यंत्रात वाळू, कोळसा आणि दगड जातात. विष्णूने असुर मारला का, हे मोजायचं यंत्र निघालेलं नाही. तुझ्यावर दबाव येईल तो उलट बाजूने. तारीख जितकी जुनी तितकी टाळी मोठी, आणि तुझा आकडा तरुण निघाला की आजोबांपेक्षा समाजमाध्यमंच जास्त रागावतील.

बाबांचा प्रश्न रास्त आहे. नेट-जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37 हजार आणि घरभाडं मिळतं, पण पीएच.डी.नंतर कायम जागा मोजक्याच आहेत. म्हणून दुसरी वाट आत्ताच ठरव. ज्या थर्मोल्युमिनेसन्सने लोणारचं वय काढलं, त्याच तत्त्वावर रुग्णालयातल्या एक्स-रे आणि रेडिओथेरपी कर्मचाऱ्यांच्या छातीवरचे किरणमापक बिल्ले चालतात. फिजिक्सच्या एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा केलास, तर कर्करोग रुग्णालयांत मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम मिळू शकतं. एम.एस्सी.चा प्रकल्प ल्युमिनेसन्सवर घे, तो दोन्ही वाटांना चालेल. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरच्या सुमारास सुटतात. तिसऱ्या वर्षात गेलीस की त्यावर लक्ष ठेव.