पडून राहिलेली यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल हाती आली तर

लगेच किक मारू नका. आरसीवरचे इंजिन आणि चासिस नंबर ताडून बघा. मग प्लग काढून भोकातून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी किक हातानेच हलके दाबा.

आधीच्या मालकाने काय बदललंय ते सिलिंडर उतरवल्याशिवाय कळत नाही. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिमी. व्हर्नियर कॅलिपरने मोजून ५८ भरलं तर तो आरएक्स १३५चा सिलिंडर. मग कार्बोरेटरचे जेटही (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) तपासावे लागतील.

सगळ्यात घातक बदल ऑइल पंपाचा, म्हणजे इंजिनला वेगळ्या टाकीतून ऑइल पुरवणाऱ्या पंपाचा. तो काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायची पद्धत सर्रास आहे. नव्या मालकाला हे माहीत नसतं, तो टाकीत नुसतं पेट्रोल भरतो आणि पिस्टन जाम होतो. पंप जागेवर आहे, केबल ओढली जातेय, पाइपात बुडबुडे नाहीत, एवढं डोळ्यांनी दिसेपर्यंत लिटरला २५ मिली ऑइल घालाच.

थ्रॉटल सोडूनही रेस उतरत नसेल तर मॅग्नेटोकडचा (वीज तयार करणाऱ्या भागाकडचा) क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीचं रबरी सील, कडक झालाय असा संशय घ्या. तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. सील दोन्ही बाजूंचे बदला.

रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत अर्थिंगचे जोड हिरवे पडतात. प्लगला करंट नाही म्हणून सीडीआय (ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) विकत आणण्याआधी चासिसवरचा अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. रंगकाम मात्र पावसाळा संपल्यावरच; दमट हवेत रंग पांढुरका पडतो.