प्राण्यांमधली स्पर्धा मॉडेल करायला गेम थिअरी वापरावी की डिफरन्शियल इक्वेशन?

तुम्ही लिहिलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गाईड म्हणतात गेम थिअरी घे, सीनियर म्हणतात डिफरन्शियल इक्वेशन घे, आणि तुमचा गोंधळ उडालाय. माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही घ्या. कोण कोणाशी भिडला तर कुणाच्या पदरात काय पडतं हे गेम थिअरीतून येतं, आणि त्यामुळे पुढे कोणाचं प्रमाण किती वेगाने वाढणार हे इक्वेशनमधून येतं. मी हा विषय शिकवतो, आणि नुसती गेम थिअरी करून थांबलेली प्रोजेक्टं अर्धीच राहतात असं मला मनापासून वाटतं.

आधी मूळ प्रश्न बघा. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ मध्ये 'नेचर'मध्ये पेपर लिहिला तो याच कोड्यावर, की प्राणी एवढी हत्यारं असूनही आपसात जीव जाईपर्यंत का लढत नाहीत. बऱ्याच जातींचे नर साप झोंबाझोंबी करतात पण दात लावत नाहीत. आपल्याकडे दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्या की लोक नर-मादी समजून हात जोडतात, पण बहुतेक वेळा ते दोन नर ताकद आजमावत असतात. आधी उत्तर असं दिलं जायचं की जातीच्या भल्यासाठी प्राणी संयम ठेवतात. हे का पटत नाही ते हॉक-डव्ह गेममध्ये आकडे टाकून बघा. यात एकाच जातीतले दोन प्राणी एका जागेसाठी भिडतात: हॉक म्हणजे जखम होईपर्यंत लढणारा, डव्ह म्हणजे नुसता धाक दाखवणारा आणि समोरचा लढायला आला की पळणारा.

समजा जागेची किंमत ४ आणि जखमेचा तोटा १०. (ही मापं पिल्लांच्या हिशोबात धरायची, कॅलरीत नाही, इथे बरेच जण घसरतात.) हॉकला हॉक भेटला तर अर्ध्या वेळा ४ मिळणार, अर्ध्या वेळा १० जाणार, सरासरी −३. हॉकपुढे डव्ह आला तर हॉकला ४, डव्ह पळतो, त्याला ०. दोन डव्ह भेटले तर कधी हा घेतो कधी तो, सरासरी २. आता हॉकचं प्रमाण क्ष धरा. हॉकची कमाई ४ − ७क्ष, डव्हची २ − २क्ष, फरक २ − ५क्ष. म्हणजे क्ष ०.४ असताना दोघं बरोबरीत. गंमत बघा, तिथे प्रत्येकाची कमाई १.२ आहे आणि सगळेच डव्ह असते तर प्रत्येकाला २ मिळाले असते! तरी तसं टिकत नाही, कारण सगळ्या डव्हमध्ये एक हॉक शिरला की त्याला थेट ४ मिळतात. जातीचं भलं वगैरे कोणी बघत नाही, आणि तरीही सगळे हॉक होत नाहीत.

आता इक्वेशन. टेलर आणि जोंकर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं, ज्याला आज रेप्लिकेटर इक्वेशन म्हणतात, ते इथे असं होतं:

क्ष बदलण्याचा वेग = क्ष × (१ − क्ष) × (२ − ५क्ष)

क्ष ०.१ असेल तर वेग +०.१३५, ०.९ असेल तर −०.२२५. दोन्हीकडून गाडी ०.४ कडेच येते. इतपत तर इक्वेशनशिवायही कळलं असतं, म्हणून प्रोजेक्ट इथे संपवू नका.

खरी मजा तीन डावपेच आले की सुरू होते. कॅलिफोर्नियात साइड-ब्लॉच्ड नावाचा छोटा सरडा आहे, त्यावरचं सिनर्वो आणि लाइव्हली यांचं काम १९९६ चं. नारिंगी गळ्याचे नर दांडगे, मोठा इलाका धरतात आणि निळ्यांना हटवतात. निळे छोट्या इलाक्यात आपल्या मादीवर पहारा ठेवतात. पिवळे इलाकाच धरत नाहीत, मादीसारखे दिसतात आणि नारिंगीच्या इलाक्यात गुपचूप शिरतात, कारण एवढ्या मोठ्या जागेवर त्याला नजर ठेवता येत नाही, पण निळ्याच्या पहाऱ्यापुढे मात्र पिवळ्याचं काही चालत नाही. सरळ दगड-कागद-कात्री. आणि १९९० ते १९९५ च्या नोंदींत आधी निळे, मग नारिंगी, मग पिवळे, मग परत निळे असे रंग खरंच फिरताना दिसले.

सोपं मॉडेल घ्या, तिघांना सारखे नियम, जिंकलं तर फायदा, हरलं तर तोटा, बरोबरीत ०. गेम थिअरी सांगणार की समतोल एक तृतीयांश प्रत्येकी. पण तिथे पोचणार का? फायदा तोट्यापेक्षा मोठा असेल तर चक्र आत आत येऊन तिथे थांबतं, छोटा असेल तर बाहेर बाहेर जात कडेला, म्हणजे कुणाचं तरी प्रमाण जवळपास शून्य होतं तिथे, चिकटतं, आणि दोन्ही सारखे असतील तर कायम गोल फिरत राहतं. समतोलाचा बिंदू तिन्ही वेळा तोच! म्हणून मी म्हणतो की इक्वेशन सोडवल्याशिवाय काही बोलू नका.

वेगवेगळ्या जातींची एकूण संख्या हवी असेल, नुसतं प्रमाण नको, तर लोटका-व्होल्टेराकडे जा, म्हणजे जातींची संख्या एकमेकींमुळे कशी वाढते-घटते हे सांगणाऱ्या इक्वेशनकडे. तेही फार लांबचं नाही, गणितज्ञ होफबाउअर यांनी दाखवलंय की तीन डावपेचांचं रेप्लिकेटर इक्वेशन म्हणजे दोन जातींचं लोटका-व्होल्टेराच, फक्त वेगळ्या रूपात.

कोड लिहिताना एक सांभाळा. फायदा-तोटा सारखे असलेल्या केसमध्ये तिन्ही प्रमाणांचा गुणाकार कधीच बदलत नाही, ०.५, ०.३, ०.२ पासून सुरू केलं तर तो शेवटपर्यंत ०.०३ राहायला हवा. ऑयलरची साधी पद्धत (इक्वेशन छोट्या सरळ पावलांनी सोडवणारी) वापरलीत तर तो हळूहळू घटत जातो, चक्र बाहेर पसरताना दिसतं आणि वाटतं की सरड्यांचा एक रंग नामशेष होतोय, जे मॉडेलमध्ये नाहीच. रुंगे-कुट्टा ही जास्त अचूक पद्धत वापरा, पायथनमधल्या तयार सॉल्व्हरची टॉलरन्स (किती चूक चालेल ती मर्यादा) डिफॉल्टपेक्षा बरीच कडक करा, आणि हा गुणाकार दर रनला प्रिंट करून बघा, मगच ग्राफ गाईडना दाखवा.