भाचीच्या मुलाच्या अहवालातील ‘केएमटी२डी’

प्रश्न : माझ्या भाचीच्या चार वर्षांच्या मुलाच्या तपासणीत ‘केएमटी२डी’ या जनुकात बदल सापडला आहे. हा दोष आमच्या घराण्यातून आला असेल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : बहुधा नाही. हा बदल बहुतेक मुलांत नव्यानेच उद्भवतो. तरीही आईवडिलांची रक्ततपासणी करून खात्री करून घ्यावी.

बाराव्या गुणसूत्रावरील हे जनुक एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) घडवते. डीएनएचा धागा हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्यांपैकी एच३ या हिस्टोनच्या चौथ्या स्थानावरील लायसिन या अमिनो आम्लावर हे विकर मिथाइल गट (एक छोटा रासायनिक गट) चिकटवते आणि त्या खुणेमुळे आसपासची जनुके कार्यरत होण्यास मदत होते. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली, तर विकर अपुरे पडते व काबुकी सिंड्रोम हा जन्मजात विकार उद्भवतो. त्याचे वर्णन जपानमध्ये १९८१ साली झाले, जनुक मात्र २०१० साली सापडले. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातील नटांच्या रंगभूषेवरून पडलेले हे नाव काही पालकांना रुचत नाही, तरी पेडण्याचा दशावतार पाहिलेल्यांना त्यातले लांबवलेले डोळे लगेच आठवतील. या मुलांत खालच्या पापणीची बाहेरची कड किंचित उलटलेली असते आणि बोटांच्या टोकांवर गर्भावस्थेतले मऊ उंचवटे टिकून राहतात. मुलाचे हृदय, मूत्रपिंडे आणि श्रवण यांची तपासणी लांबणीवर टाकू नये.