तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं: लेकीला बाहुली द्यायचीय, पण कुठली?

या वेळी बाहुलीवरचीच पत्रं इतकी आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण त्यातलं बरंचसं पुढच्या सगळ्यांनाही लागू आहे म्हणून तसंच ठेवलंय.

प्रश्न: ताई नमस्कार. माझी मुलगी पुढच्या महिन्यात चार वर्षांची होईल. कामामुळे मी आठवड्यातले पाच दिवस बाहेरगावी असतो, त्यामुळे या वाढदिवसाला तिला काहीतरी छान सरप्राईज द्यायचं असं फार मनात आहे. बाहुली घ्यायची हे पक्कं, पण दुकानात गेलो आणि गोंधळलो. एक बोलणारी आहे, पोट दाबलं की गाणं म्हणते, हसते, रडते. एक ती उंच बारीक, सोबत कपड्यांचे पाच जोड आणि इवलेइवले बूट. आणि एक साधी कापडी, दोन वेण्यांची, तोंडावर नुसते दोन ठिपके आणि एक रेघ. बायको म्हणते कापडी घ्या. मला ती अगदीच साधी वाटते, वर्षातून एकदा द्यायचं आणि हे? मुलीकडे सध्या एक छोटा टॉवेल आहे, त्याची गुंडाळी करून ती त्याला बाळ म्हणते आणि घरभर घेऊन फिरते. काय घेऊ?

उत्तर: दादा, अहो तुमच्या लेकीने तुम्हाला आधीच सांगून टाकलंय की तिला काय हवंय. तो टॉवेल! आता पुढच्या वेळी घरी गेलात की एवढंच करा, अर्धा तास बाजूला बसून बघा की ती त्या टॉवेलचं नेमकं काय करते. खांद्यावर घेऊन थोपटते का, झोपवते का, पांघरूण घालते का, त्याला रागावते का. मी वीसेक वर्षं लहान मुलांसोबत काम करतेय आणि बाहुली निवडायची याहून सोपी आणि खात्रीची रीत मला सापडलेली नाही. बॉक्सवर काय लिहिलंय ते नंतर वाचा, आधी मुलीचे हात बघा.

बार्बीची गोष्ट याच्याशी जुळते म्हणून सांगते. रूथ हँडलर या बाईंनी आपल्या मुलीला, बार्बराला, कागदी बाहुल्यांशी खेळताना बघितलं, तर ती त्यांना बाळं न करता मोठ्या बायका करून खेळत होती. तेव्हा बाजारात बहुतेक सगळ्या बाहुल्या बाळाच्याच असायच्या. त्यातून 1959 साली बार्बी आली. म्हणजे आईने लेकीचा खेळ बघितला आणि मग बाहुली ठरली. तुमच्या लेकीचा खेळ बरोबर उलटा आहे, तिला मोठी बाई नकोय, कडेवर घ्यायला बाळ हवंय. ती उंच बारीक बाहुली जेमतेम 29 सेंटीमीटरची, अंग कडक, कडेवर घेतली तर काठी घेतल्यासारखी वाटते, आणि ते घट्ट बाह्यांचे कपडे चढवणं चार वर्षांच्या बोटांना जमत नाही हो, मग प्रत्येक वेळी "आई घालून दे". ते इवले बूट तर दोन दिवसांत हरवतात. सहा-सात वर्षांची झाली, तिच्या खेळात ऑफिस, लग्न, मैत्रिणी असं काही यायला लागलं की तेव्हा ती आणा, तेव्हा मजा येईल.

आता बोलणारी. मला माहितीये दुकानात तीच सगळ्यात भारी वाटते. पण एक प्रसंग सांगते. माझ्याकडे एक मुलगी अशी बाहुली घेऊन यायची. एकदा डॉक्टर-डॉक्टर चाललं होतं, हिने अगदी गंभीर चेहरा करून बाहुलीला इंजेक्शन दिलं, दंड चोळला, "नाही रडायचं हं, झालं झालं" म्हणाली आणि उचलून पोटाशी धरलं तर बटण दाबलं गेलं आणि बाहुली खळखळून हसली आणि गाणं म्हणायला लागली. मुलीने दोनदा तिला गप्प करायचा प्रयत्न केला, मग उशीखाली सरकवली आणि स्वतःच्या रुमालाला इंजेक्शन द्यायला घेतलं. बाहुली जेवढं स्वतः करते तेवढं मुलीला करायला कमी उरतं, माझं हे मत दिवसेंदिवस पक्कंच होत चाललंय.

शिवाय बॅटरी. त्या चपट्या बटणासारख्या बॅटऱ्या असतात ना, ती एखादी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं, त्यामुळे बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं नसेल तर ती वस्तू घरात आणूच नका. आणि इंटरनेटला जोडून मुलांशी गप्पा मारणाऱ्या बाहुल्या निघाल्यात त्यांच्यापासून तर लांबच राहा. 2017 मध्ये जर्मनीने 'माय फ्रेंड कायला' नावाच्या अशाच बाहुलीवर बंदी घातली, कारण तिच्यातला माइक आणि ब्लूटूथ वापरून बाहेरचा माणूस मुलांचं बोलणं ऐकू शकत होता, तिथल्या सरकारी यंत्रणेने तिला चक्क लपवलेलं हेरगिरीचं साधन ठरवलं. मुलगी आपल्या बाहुलीच्या कानात जे सांगते ते तिसऱ्या कुणी ऐकायचं नसतं.

राहिली कापडी. दादा, साधी आहे म्हणून कमी लेखू नका. ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातली, इजिप्तमध्ये सापडलेली एक बाहुली आहे, लिननच्या कापडाची, आत चिंध्या आणि पपायरसचे, म्हणजे तिथल्या जुन्या, वनस्पतीपासून केलेल्या कागदाचे तुकडे भरलेले, दीड हजारांहून जास्त वर्षं जुनी. कुठल्या तरी लेकराने तीही अशीच छातीशी धरली असणार ना? आणि तोंडावर दोन ठिपके आणि रेघ हे उणं नाही, काही कारागीर मुद्दाम असाच चेहरा ठेवतात. कायम दात काढून हसणाऱ्या बाहुलीला "तू का रडतेस?" असं विचारता येत नाही. दोन ठिपक्यांची बाहुली मुलगी म्हणेल तेव्हा रडते, म्हणेल तेव्हा झोपते.

तरी तुमचं मन पूर्ण भरत नसेल तर मधला रस्ता आहे. पोट-पाठ कापडाची, डोकं आणि हातपाय मऊ व्हिनाइलचे अशी बाळबाहुली मिळते, सॉफ्ट बॉडी म्हणतात तिला. 30 ते 35 सेंटीमीटरची बघा. तिच्या बुडात दाण्यांची छोटी पिशवी शिवलेली असते (ती शिवण मात्र दुहेरी आणि पक्की हवी), त्यामुळे उचलली की खरं बाळ उचलल्यासारखं वजन खाली येतं आणि डोकं जरा कलंडतं, मग मुली आपोआप मानेखाली हात घालतात, कुणी शिकवलेलं नसतं. घेताना नाकाशी धरून वास घ्या, उग्र रसायनाचा येत असेल तर परत ठेवा. केस दोन बोटांत धरून ओढा, शिवणी ताणून बघा. कपड्यांना वेलक्रो किंवा मोठी बटणं हवीत. आणि एक विसरू नका, अशी बाहुली अंघोळीला चालत नाही, पाणी आत कापसात गेलं की वाळता वाळत नाही आणि बुरशी धरते. लेक पाण्यात खेळणारी असेल तर पूर्ण कापडीच घ्या, तीही मशीनमध्ये धुता येते का हे लेबलवर बघून.

सरप्राईजबद्दल थोडं. बाहुली बॉक्समध्ये तारांनी, प्लास्टिकच्या टॅगनी, कधी डोक्यातून दोऱ्याने आवळून बांधलेली असते. ते सगळं आदल्या रात्री तुम्ही कापून ठेवा, नाहीतर मुलगी दहा मिनिटं "दे ना, दे ना" करत उभी आणि तुम्ही कात्री घेऊन घामाघूम. मी तर म्हणते बॉक्सच नको, बाहुलीला एका छोट्या पांघरुणात गुंडाळून तिच्या उशीशेजारी झोपवून ठेवा आणि तुम्ही दाराशी थांबा. मोबाईल खिशात ठेवा हो, तिला पहिल्यांदा तुमचा चेहरा दिसू दे. नाव तुम्ही ठेवू नका. आणि टॉवेल कुठेही हलवायचा नाही, तो मोठा भाऊ किंवा बहीण आहे आता. शक्य असेल तर ज्या दिवशी घरी पोचता त्याच दिवशी द्या, म्हणजे पुढचे दोन दिवस तुम्हाला तिच्यासोबत त्या बाळाला झोपवायला मिळेल. नंतर फोनवर "बाळ झोपलं का गं?" एवढं विचारलंत तरी ती अर्धा तास बोलत राहील.

प्रश्न: नात दीड वर्षाची आहे. तिला सुंदर डोळे मिटणारी, लांब केसांची बाहुली पाठवायची आहे. चालेल ना?

उत्तर: काकू, दोन वर्षं थांबा. या वयात सगळं आधी तोंडात जातं. बऱ्याच देशांत तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला एक छोटं नळकांडं वापरतात, साधारण 32 मिलिमीटर रुंद, त्यात जो भाग पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, ती जरा जास्त रुंद असते म्हणजे उलट जास्तच सावध. बाहुलीचा बूट, बटण, क्लिप काहीही त्यातून आरपार गेलं तर नको. बॉक्सवर 0-3 लिहिलेला, रडका चेहरा असलेला लाल गोल आणि आडवी रेघ असेल तर ते तीन वर्षांखालच्यांसाठी नाही. आत्ता तिच्यासाठी हातात मावणारी कापडी, डोळे-नाक भरतकामाचे, केस नाहीत किंवा कापडाचेच, अशी पाठवा. याच सुमारास मुलं बाहुलीच्या तोंडाला रिकामी वाटी लावायला लागतात, तुम्हाला ते बघायला मिळालं तर फार गोड असतं.

प्रश्न: मुलीची कापडी बाहुली पार फाटलीये, रंग गेलाय, वास येतो. तिला न सांगता तशीच नवीन आणून सरप्राईज दिलं आणि जुनी टाकणार होते, तर तिने नवीन फेकून दिली आणि तासभर रडली. काय चुकलं?

उत्तर: तुमचा हेतू चांगलाच होता गं, पण जुनी अजून घरात आहे ना? मग काही बिघडलेलं नाही. डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, त्यांनी 1950 च्या दशकातच या चिंध्यांसारख्या, मळक्या, सतत सोबत लागणाऱ्या वस्तूंवर लिहून ठेवलंय. आई जवळ नसताना आईचा आधार मूल त्या वस्तूत शोधतं. त्यांचं म्हणणं असं की त्या वस्तूत बदल करायचा तो मुलानेच, आणि तिचा वाससुद्धा त्या आधाराचा भाग असतो, धुतली तरी मुलाला ती तुटल्यासारखी वाटू शकते.

म्हणून आधी माफी माग, अगदी शब्दांत, "मी तुला विचारायला हवं होतं" असं. मग तिच्यासमोर बसून जुनी शिवा. ठिगळाचं कापड तिला निवडू दे, सुईत दोरा ओवताना तिला टोक धरायला दे. धुवायची असेल तर दुपारी धुवा, वाळताना तिला दिसेल अशी टांगा, रात्री हातात मिळायलाच हवी. नवीन बाहुली कपाटात बंद करू नका, जवळपास कुठेतरी बसवून ठेवा आणि विषय काढू नका. माझ्या मुलीच्या वेळी तीन आठवडे लागले होते, मग एके दिवशी जुनीने नवीला शेजारी झोपवलेलं दिसलं.

प्रश्न: आमची मुलगी सावळी आहे. मी तिच्यासारखी दिसणारी बाहुली आणायचं ठरवलंय, पण ती म्हणते गोरीच हवी, हीच छान असते. हट्ट पुरवू का?

उत्तर: हे वाचून पोटात तुटलं. 1940 च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने तीन ते सात वर्षांच्या मुलांसमोर फक्त रंग वेगळा असलेल्या बाहुल्या ठेवून विचारलं होतं की छान कुठली, वाईट कुठली. बहुतेक काळ्या मुलांनीही गोरी निवडली. 1954 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला तेव्हा त्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख होता. इतकं खोल जातं हे, आणि इतक्या लवकर. तर तिला रागावू नका, तिने ते कुठूनतरी ऐकलंय, पाहिलंय. तिच्यासारखी बाहुली जरूर आणा, पण "ही बघ तुझ्या रंगाची" असं भाषण देऊन हातात देऊ नका. गोरी असेल घरात तर असू दे. तुम्ही स्वतः खेळायला बसा तेव्हा सावळीला उचला, तिचे केस विंचरा, तिला गोष्टीतली शूर मुलगी करा. आणि घरात कुणी रंगावरून काही बोलत असेल, अगदी लाडात का होईना, ते आधी थांबवा. त्याच्यापुढे कुठलीही बाहुली पुरी पडणार नाही.

प्रश्न: बाहुलीच्या केसांचा पार गुंता झालाय. कापून टाकू?

उत्तर: थांबा थांबा. कोमट पाण्यात थोडं कंडिशनर घालून केस दहा मिनिटं भिजवा, डोकं बुडवायचं नाही, फक्त केस. मग मोठ्या दातांच्या कंगव्याने खालच्या टोकापासून थोडं थोडं सोडवत वर या. उकळतं पाणी नको, ड्रायर तर अजिबात नको, ते केस प्लास्टिकचेच असतात, वितळून चिकटतात. रात्रभर उलटं टांगून वाळू द्या आणि सकाळी वेणी घालायला मुलीला बोलवा.