शेअर चालू केला की लॉगिन बंद, लॉगिन चालू केलं की शेअर बंद: सांबा सर्व्हर डोमेनमध्ये नीट का टिकत नाही?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. उबुंटू २२.०४ (लिनक्स) चा फाइल सर्व्हर, त्यावर सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोज पीसींना शेअर करून देणारा प्रोग्राम), आणि सर्व्हर ऑफिसच्या विंडोज एडी (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, सगळ्यांची अकाउंट एका जागी ठेवणारी व्यवस्था) डोमेनला जोडलेला. आधी रेल्म जॉइनने जोडला तेव्हा डोमेनच्या युजरचं एसएसएच (दुरून टर्मिनलवर) लॉगिन मस्त चालायचं पण विंडोज पीसीवरून शेअर उघडला की पासवर्डची खिडकी परत परत यायची, मग कुणीतरी सांगितलं म्हणून नेट अ‍ॅड्स जॉइन मारलं तर शेअर उघडले आणि एसएसएच बसलं, आणि तेव्हापासून जे बंद पडेल त्याप्रमाणे कधी हे जॉइन कधी ते जॉइन असं चाललंय. आणि आता विचारताय की डोमेन कंट्रोलरवर नेमकी कुठली सेटिंग बदलू.

डीसीला, म्हणजे डोमेन कंट्रोलरला, हात लावू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून तिकडे काही बिघडलेलं वाटत नाही, आणि चालू डीसीवर प्रयोग केले तर उद्या अख्ख्या ऑफिसची लॉगिनं बसतील ते वेगळंच. (कमांड आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगने टाका.)

काय होतंय बघा. सर्व्हर डोमेनला जोडला की एडीमध्ये त्याच्या नावाचं कॉम्प्युटर अकाउंट बनतं, आणि माणसाच्या अकाउंटसारखाच त्यालाही पासवर्ड असतो, फक्त तो कुणी टाइप करत नाही, मशीनच ठरवतं आणि मशीनच बदलतं. रेल्म जॉइन केलं की मागे अ‍ॅडसीएलआय चालतं, ते हा पासवर्ड नवा करून त्याच्या किल्ल्या ईटीसीमधल्या केआरबी५.कीटॅबमध्ये ठेवतं आणि एसएसएसडी (डोमेनच्या युजरची लॉगिनं सांभाळणारी सेवा) तिथून वाचतो. नेट अ‍ॅड्स जॉइन केलं की सांबा त्याच अकाउंटचा पासवर्ड पुन्हा नवा करतो आणि स्वतःच्या सिक्रेट्स.टीडीबी फाइलमध्ये ठेवतो. अकाउंट एक, पासवर्ड एक, पण जपणारे दोघं, आणि एकमेकांना सांगत नाहीत. नवरा-बायकोत एकच एटीएम कार्ड आणि ज्याच्या हातात येईल तो गुपचूप पिन बदलतो, तसला प्रकार. म्हणून जो शेवटी जॉइन करतो त्याचं चालतं आणि दुसऱ्याचं बसतं.

बरं, परत जॉइन न करताही हे होतं, त्यामुळे लोक अजून गोंधळतात. सांबाची मशीन पासवर्ड टाइमआउट ही सेटिंग डीफॉल्टने ६०४८०० सेकंद आहे, म्हणजे ७ दिवस, तर विनबाइंड (सांबाची डीसीशी बोलणारी सेवा) चालू असेल तर आठवड्याने तो आपणहून पासवर्ड बदलतो. एसएसएसडी ३० दिवसांनी बदलतो. "काहीच केलं नव्हतं हो, आपोआप बंद पडलं" अशी तक्रार बऱ्याचदा यातूनच येते.

माझं म्हणणं खरं की खोटं ते दोन मिनिटांत कळेल, नुसत्या वाचायच्या कमांड आहेत, काही मोडत नाही. रूट होऊन नेट अ‍ॅड्स टेस्टजॉइन मारा, ठीक असेल तर जॉइन इज ओके येईल. मग डब्ल्यूबीइन्फो -टी, हे विनबाइंडला विचारतं की डीसीशी ट्रस्ट सिक्रेट जुळतंय का. हे दोन झाले सांबाच्या बाजूचे. आता एसएसएसडीच्या बाजूचं, केइनिट -के आणि पुढे सर्व्हरचं नाव डॉलरचं चिन्ह लावून, उदाहरणार्थ 'एफएस०१$', सिंगल कोटमध्ये टाका नाहीतर शेल डॉलर खाऊन टाकतो. हे कीटॅबमधली किल्ली वापरून डीसीकडे कर्बेरॉसचं (डोमेनमध्ये ओळख पटवायची पद्धत) तिकीट मागतं. काहीच न बोलता प्रॉम्प्ट परत आला तर किल्ली बरोबर, प्रीऑथेंटिकेशन फेल्ड आलं तर किल्ली शिळी. तुमच्याकडे यातली एक बाजू पास आणि एक नापास येणार याची मला जवळजवळ खात्री आहे. आयडी कमांडने युजर दिसतोय म्हणून एसएसएसडी ठीक आहे असं मात्र समजू नका, तो कॅशमधूनही उत्तर देतो.

दोन्ही बाजू नापास आल्या तर गोष्ट वेगळी, मग आधी डीएनएस आणि घड्याळ बघा. सर्व्हरचा डीएनएस फक्त डीसीकडे पाहिजे, दुसरा म्हणून ८.८.८.८ किंवा राउटर टाकायचा नाही, कारण तुमच्या डोमेनचे एसआरव्ही रेकॉर्ड (डीसी कुठे आहे ते सांगणाऱ्या डीएनएसच्या नोंदी) गूगलला कुठून माहीत असणार. डोमेनचं नाव डॉट लोकलवर संपत असेल, आपल्याकडे छोट्या कंपन्यांत सर्रास असतं, तर एनएसस्विच.कॉन्फमधली होस्ट्सची ओळ बघा, तिथे एमडीएनएस४_मिनिमल नॉटफाउंड रिटर्न असं डीएनएसच्या आधी असेल तर नाव डीसीपर्यंत पोचतच नाही. ईटीसी होस्ट्समध्ये सर्व्हरच्या स्वतःच्या नावासमोर १२७.०.१.१ असेल तर काढून खरा आयपी टाका. घड्याळात ५ मिनिटांच्या वर फरक गेला की कर्बेरॉस सरळ नकार देतं, क्रोनीला डीसीकडूनच वेळ घ्यायला लावा. आणि सर्व्हर व्हीएम असेल आणि कुणी जुना स्नॅपशॉट परत लावला असेल तर त्याच्याबरोबर जुना मशीन पासवर्डही परत येतो आणि एडीकडे नवा असतो, तिथे मात्र परत जॉइन करण्याशिवाय इलाज नाही.

आता मुख्य निर्णय, दोघांपैकी एकालाच ठेवा. फाइल सर्व्हर आहे तर विनबाइंड ठेवा आणि एसएसएसडी काढा, माझं मत एवढं स्पष्ट आहे. कारण सांबा ४.८ पासून, म्हणजे २०१८ पासून, डोमेन मेंबर सर्व्हरवर विनबाइंड चालू असणं सक्तीचंच केलंय, एसएमबीडी (सांबाचा शेअर देणारा भाग) आता स्वतः डीसीशी बोलत नाही. म्हणजे विनबाइंड टाळता येणार नाहीच, मग त्याच कामाला दुसरा माणूस कशाला. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत "विनबाइंड नको, एसएसएसडी नवीन आहे तेच वापरा" असं लिहिलेलं सापडतं, ते नुसत्या लॉगिनच्या सर्व्हरसाठी ठीक आहे. रेड हॅटमध्ये दोघांना एकत्र नांदवायची सोय आहे, ती करायचीच असेल तर सांबाचा मशीन पासवर्ड टाइमआउट ० करायचा आणि एसएसएसडीमध्ये एडी_अपडेट_सांबा_मशीन_अकाउंट_पासवर्ड ट्रू करायचं म्हणजे पासवर्ड एकटा एसएसएसडी बदलेल आणि सांबाला कळवेल. पण तुम्ही एकटे अ‍ॅडमिन आहात असं लिहिलंय, तुम्हाला हा व्याप कशाला.

थांबा, लगेच एसएसएसडी उडवू नका! खरी गोची पुढे आहे आणि ती कुणी सांगत नाही. तुमच्या डिस्कवरच्या फायलींना मालक म्हणून नाव नाही, नंबर असतो, आणि एसएसएसडी आणि विनबाइंड तो नंबर वेगवेगळ्या पद्धतीने काढतात. समजा अकाउंट्समधल्या एका युजरचा एडीमधला आरआयडी (डोमेनमधला त्याचा क्रमांक) ११०५ आहे. एसएसएसडी त्याला ७३०६०११०५ असला लांबलचक यूआयडी (लिनक्सवरचा युजर नंबर) देईल, आणि विनबाइंडचा आरआयडी बॅकएंड, रेंज १०००० पासून असेल तर, देईल १११०५. तुम्ही बेधडक बदल केलात तर सोमवारी सकाळी सगळ्यांना शेअर दिसेल, फोल्डर दिसतील, आणि स्वतःचीच फाइल उघडताना अ‍ॅक्सेस डिनाइड. मग लोक वैतागून ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) मारतात आणि पगाराचं फोल्डर अख्ख्या ऑफिसला उघडं होतं.

पण त्या दोन नंबरांकडे नीट बघा, शेवटी दोन्हीकडे ११०५ च आहे. एसएसएसडी डोमेनसाठी २ लाख नंबरांचा एक पट्टा घेतो आणि त्याच्या सुरुवातीच्या आकड्यात आरआयडी मिळवतो. विनबाइंडचा आरआयडी बॅकएंडही तेच करतो, रेंजच्या पहिल्या आकड्यात आरआयडी मिळवतो. म्हणजे विनबाइंडची रेंजच तिथून सुरू केली तर? नंबर तेच येणार, एकाही फाइलचा मालक बदलावा लागणार नाही. तर एसएसएसडी चालू असतानाच पाच-सहा युजरवर आयडी कमांड मारून आउटपुट जपून ठेवा. डोमेन युजर्स ग्रुपचा आरआयडी सगळीकडे ५१३ च असतो, तर त्याच्या जीआयडीतून (लिनक्सवरचा ग्रुप नंबर) ५१३ वजा केले की पट्ट्याची सुरुवात मिळाली, वरच्या उदाहरणात ७३०६०००००. मग एसएमबी.कॉन्फमध्ये आयडीमॅप कॉन्फिग, तुमच्या डोमेनचं छोटं नाव, बॅकएंड आरआयडी, रेंज ७३०६००००० ते ७३०७९९९९९. आणि स्टारवाली जी डीफॉल्ट ओळ असते तिला बॅकएंड टीडीबी आणि रेंज ३००० ते ७९९९, दोन्ही रेंज एकमेकींत घुसायला नकोत. हे जमतं ते एसएसएसडी डीफॉल्ट मॅपिंगवर असेल तरच, कुणी एडीमध्ये यूआयडीनंबर भरून ठेवले असतील तर आरआयडीऐवजी एडी बॅकएंड लागेल. तो वापरणार असाल तर सांबा अपडेटेड ठेवा, कारण मायक्रोसॉफ्टच्या ८ जुलै २०२५ च्या डीसी अपडेटने नेटलॉगॉन (मेंबर सर्व्हर डीसीशी बोलतो तो प्रोटोकॉल) कडक केलं आणि एडी बॅकएंडवाले मेंबर सर्व्हर अडकले, त्याची दुरुस्ती सांबाच्या ४.२२.३ आणि ४.२१.७ मध्ये आलीये. तुमचा डिस्ट्रो जुनाच नंबर ठेवून फिक्स आत घालत असेल तर चेंजलॉग वाचून खात्री करा.

प्रत्यक्ष काम सुट्टीच्या दिवशी करा. ईटीसी सांबा आणि वार लिब सांबा या दोन्ही डिरेक्टरी आणि कीटॅब यांची कॉपी, शिवाय शेअरच्या गेटएफएसीएल -आर चं आउटपुट फाइलमध्ये. मग रेल्म लीव्ह, एसएसएसडी स्टॉप आणि डिसेबल, जुनी कीटॅब बाजूला. विनबाइंड, लिबएनएसएस-विनबाइंड आणि लिबपॅम-विनबाइंड ही पॅकेजं टाका. एसएमबी.कॉन्फमध्ये सिक्युरिटी एडीएस, रेल्म कॅपिटल अक्षरांत पूर्ण डोमेन, वर्कग्रुप म्हणजे छोटं नाव. पासवर्ड सर्व्हर ही ओळ असेल तर काढा, डीसी शोधायचं काम डीएनएसला करू द्या. कर्बेरॉस मेथडलाही हात लावू नका, डीफॉल्टने सांबा स्वतःच्या सिक्रेट्समधूनच किल्ली घेतो आणि नुसत्या शेअरिंगला कीटॅबची गरजच नसते. मग नेट अ‍ॅड्स जॉइन, आणि एनएसस्विचमध्ये पासडब्ल्यूडी आणि ग्रुप या दोन ओळींत एसएसएसच्या जागी विनबाइंड. शॅडोच्या ओळीत विनबाइंड टाकायचं नाही. मग विनबाइंड आणि एसएमबीडी रीस्टार्ट, आणि आयडीचं आउटपुट आधीच्याशी ताडून बघा, नंबर जुळेपर्यंत कुणालाही शेअर उघडू देऊ नका.

एसएसएचसाठी टेम्प्लेट शेल ही ओळ टाकायला विसरू नका, डीफॉल्ट बिन फॉल्स आहे, त्यामुळे पासवर्ड बरोबर घेतो आणि दुसऱ्या क्षणी बाहेर काढतो, आणि माणूस तासभर पॅम (लिनक्सची लॉगिन तपासणारी व्यवस्था) तपासत बसतो. शिवाय रेल्मने युजरचं नाव अ‍ॅट डोमेनसकट ठेवलेलं असतं, विनबाइंड यूज डीफॉल्ट डोमेन येस केलंत तर नुसतं नाव येईल, तर सुडोअर्समध्ये आणि शेअरच्या व्हॅलिड युजर्समध्ये जुन्या पद्धतीची नावं असतील ती बदलावी लागतील.

झाल्यावर एखाद्या पीसीवरून शेअर दोन प्रकारे उघडा, एकदा नावाने आणि एकदा आयपीने. नावाने उघडलं की विंडोज कर्बेरॉस वापरतं, आयपीने उघडलं की सहसा एनटीएलएम, म्हणजे जुनी लॉगिन पद्धत. नावाने चालत नाही पण आयपीने चालतंय असं एखाद्याच पीसीवर झालं तर त्याच्याकडे जुनं तिकीट पडलेलं असू शकतं, त्या युजरच्या कमांड प्रॉम्प्टवर केलिस्ट पर्ज मारा किंवा लॉगऑफ करून परत यायला सांगा. सगळ्यांकडेच तसं होत असेल तर एसपीएन (कर्बेरॉस सर्व्हरला ज्या नावाने ओळखतं ते) बघा, नेट अ‍ॅड्स जॉइन नवीन नावाने झालं असेल किंवा सर्व्हरचं नाव १५ अक्षरांपेक्षा लांब असेल तर तिथे घोळ असतो. उलट आयपीने चालत नाही आणि नावाने चालतंय, तर विनबाइंड डीसीपर्यंत पोचतोय का बघा, डब्ल्यूबीइन्फो --पिंग-डीसी.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, झेरॉक्स मशीनवरून स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकणं बंद झालं तो. त्याचा डोमेनशी संबंध नसावा. सांबा ४.११ पासून एसएमबी१ (शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल) डीफॉल्टने बंद आहे, आणि एनटीएलएमचं जुनं पहिलं व्हर्जन त्याच्याही आधी ४.५ पासून बंद, आणि जुन्या मशीनना नेमकं तेच बोलता येतं. त्या एका मशीनसाठी सर्व्हरचं मिनिमम प्रोटोकॉल खाली आणू नका, मशीनवाल्याकडे नवीन फर्मवेअर मागा, नसेल तर स्कॅन ईमेलवर किंवा एफटीपीने वेगळ्या पीसीवर घ्या. जॉइन झाल्यावर टेस्टजॉइन आणि डब्ल्यूबीइन्फो -टी चं आउटपुट आणि एसएमबी.कॉन्फचा ग्लोबल भाग इथे टाका, डोमेनचं नाव खोडून टाकलंत तरी चालेल, मी बघतो.